होय, नाही आणि माहीत नाही

शाळेच्या कार्यालयातील जनरल रजिस्टर तुम्ही पाहिले आहे काय? लांबरुंद पानांची ती जाडजूड वही. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, इयत्ता, गाव असे रकाने. समजा, तुमच्या शाळेला काही सायकली भेट मिळाल्या आहेत आणि देणाऱ्याने अट घातली आहे, की ज्यांचे घर शाळेपासून ३ किलोमीटरपेक्षा अधिक दूर आहे त्यांनाच त्या द्याव्यात. मग कार्यालयातील लेखनिक काय करतील? रजिस्टर उघडतील, अंतराच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली येतील आणि अटीत बसणारे नाव वेगळ्या कागदावर उतरवून घेतील. आई धान्य चाळते तेव्हा हेच घडते. चाळणीचे भोक ही अट. बसेल तो दाणा खाली पडतो, न बसेल तो वर राहतो.

आज बहुतेक ठिकाणी ही वही संगणकात गेली आहे. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाती, दवाखान्यातील नोंदी, परीक्षेचे निकाल हे सारे अशाच रकान्यांच्या कोष्टकांत साठविलेले असते. त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची जी भाषा सर्वांत अधिक प्रचारात आहे तिचे नाव एसक्यूएल. तिच्यातील चाळणीची ओळख आपण आज करून घेऊ. चाळणी दिसते अगदी साधी. पण तिच्यातून एखादा दाणा ना खाली पडतो, ना वर राहतो, असेही होते. तो जातो कुठे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९७० साली आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉड मूळचे इंग्लंडचे; दुसऱ्या महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले होते. त्या काळी संगणकातून माहिती काढायची तर ती कोठे, कोणत्या क्रमाने ठेवली आहे व एका नोंदीवरून दुसरीकडे कसे जायचे, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड म्हणाले, हे कशासाठी? माहिती साध्या कोष्टकांत मांडा आणि माणसाने फक्त ‘काय हवे’ ते सांगावे. ‘कसे शोधायचे’ ते यंत्राने पाहावे. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी या कल्पनेवर एक भाषा रचली व तिला ‘सीक्वेल’ असे नाव दिले. ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचे व्यापारचिन्ह निघाले, म्हणून ते आखडून एसक्यूएल झाले. १९८६ साली अमेरिकेत व १९८७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ती प्रमाण भाषा ठरली. कॉड यांना १९८१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आता आपले छोटेसे रजिस्टर मांडू. कोष्टकाचे नाव ‘विद्यार्थी’. रकाने चार: नाव, इयत्ता, गाव आणि अंतर (किलोमीटरमध्ये).

सुमन – ९ – वडगाव – ४
रमेश – १० – वडगाव – ४
आयेशा – ९ – पिंपळगाव – २
जनार्दन – ८ – पिंपळगाव – ३
लता – १० – बोरगाव – ६
मेरी – ८ – सांगवी – १
किसन – ९ – … – …

किसनचे आईवडील ऊसतोडीसाठी नुकतेच या भागात आले आहेत. ते कोठे उतरले आहेत हे अजून कोणी लिहून घेतलेले नाही, म्हणून त्याचे दोन रकाने रिकामे आहेत. त्याच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

सायकलींचा प्रश्न संगणकाला असा विचारतात:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर अंतर > ३;

प्रत्यक्षात हे आज्ञाशब्द रोमन लिपीत टंकतात. वाचायला सोपे जावे म्हणून येथे नागरीत दिले आहेत. सिलेक्ट म्हणजे निवड, फ्रॉम म्हणजे कोणत्या कोष्टकातून, आणि व्हेअर म्हणजे ‘जेथे’. व्हेअरच्या पुढे येते ती अट, हीच आपली चाळणी. संगणक प्रत्येक ओळीला तो प्रश्न विचारतो आणि उत्तर ‘खरे’ आले तरच ती ओळ बाहेर काढतो. उत्तर मिळते: सुमन, रमेश, लता.

जनार्दनचे घर बरोबर ३ किलोमीटरवर आहे. तो यादीत आला नाही, कारण आपण ‘पेक्षा अधिक’ असे चिन्ह वापरले. ‘३ किंवा अधिक’ हवे असते तर >= असे लिहावे लागले असते. एका चिन्हाच्या फरकाने एक सायकल मिळते किंवा जाते. काठावरची ओळ आत की बाहेर, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवायला हवे. ‘बिट्वीन २ अँड ४’ असे लिहिले तर २ आणि ४ हे दोन्ही काठ आत धरले जातात, हेही लक्षात असू द्या.

दोन अटी जोडायच्या तर अँड म्हणजे ‘आणि’, ऑर म्हणजे ‘किंवा’ आणि नॉट म्हणजे ‘नाही’ हे तीन शब्द आहेत. ‘इयत्ता = ९ अँड अंतर > ३’ असे विचारले तर एकटी सुमन मिळते. इथवर सोपे आहे. पण एक गंमत पाहा. मुख्याध्यापक सांगतात, ‘नववीची आणि दहावीची मुले बोलवा.’ तुम्ही हे वाक्य जसेच्या तसे ‘इयत्ता = ९ अँड इयत्ता = १०’ असे लिहिले तर संगणक एकही नाव देणार नाही! कारण तो एकेका ओळीला विचारतो, ‘तू नववीत आहेस आणि दहावीतही आहेस काय?’ असा विद्यार्थी कोठून असणार? येथे ‘ऑर’ हवे. आपण बोलताना दोन गट मनात एकत्र करतो, म्हणून ‘आणि’ म्हणतो. संगणक एका वेळी एकच ओळ पाहतो, म्हणून त्याला ‘किंवा’ लागते. माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्या चुका या एका शब्दात असतात.

अँड व ऑर एकाच वाक्यात आले की आणखी एक खड्डा असतो. वडगाव किंवा पिंपळगावची, पण नववीतलीच मुले हवी आहेत म्हणून कोणी लिहिले:

व्हेअर गाव = 'वडगाव' ऑर गाव = 'पिंपळगाव' अँड इयत्ता = ९

गणितात जसा गुणाकार बेरजेच्या आधी करतात तसा येथे अँड हा ऑरच्या आधी सोडवतात. म्हणून संगणकाने अर्थ लावला: ‘वडगावचा कोणीही, किंवा पिंपळगावचा नववीतला’. त्यामुळे सुमन व आयेशा यांच्याबरोबर दहावीतला रमेशही यादीत घुसला. दोन गावांच्या अटीला कंस घातला की तो बाहेर जातो. कंसाला पैसे पडत नाहीत; शंका आली की घालावा.

‘नाही’चेही असेच. ‘वडगाव किंवा बोरगावचा नसलेला’ याचा अर्थ ‘वडगावचा नसलेला आणि बोरगावचाही नसलेला’. नकार कंसात शिरताना ‘किंवा’चा ‘आणि’ होतो. हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म १८०६ साली आपल्या देशात, मदुराई येथे झाला. तान्हे असतानाच त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. ‘खरे’ आणि ‘खोटे’ यांचे बीजगणित रचणारे जॉर्ज बूल त्यांचे समकालीन. बूल हे चांभारकाम करणाऱ्याचे पुत्र, बरेचसे स्वतःच शिकलेले. तर्काच्या नियमांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८५४ साली निघाला.

आता किसनकडे वळू.

सायकलींच्या यादीत तीन नावे आली. मग आपण उरलेल्यांची यादी मागितली:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नॉट (अंतर > ३);

आयेशा, जनार्दन, मेरी. पुन्हा तीन. तीन आणि तीन सहा; रजिस्टरात तर सात ओळी आहेत! किसन दूर राहणाऱ्यांत नाही आणि जवळ राहणाऱ्यांतही नाही. संगणक बिघडलेला नाही. तो नियमाप्रमाणेच वागला आहे.

रिकाम्या रकान्याला एसक्यूएलमध्ये ‘नल’ म्हणतात. पाण्याच्या नळाशी किंवा दमयंतीच्या नळाशी याचा काही संबंध नाही! नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य अंतर म्हणजे घर शाळेच्या आवारातच असणे. नल म्हणजे अंतर माहीतच नसणे. आता ‘किसनचे अंतर ३ पेक्षा अधिक आहे काय?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कोणते? ‘होय’ म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही. म्हणून या भाषेत तिसरे उत्तर ठेवले आहे: ‘अज्ञात’. आणि अज्ञाताला ‘नॉट’ लावले तर अज्ञातच राहते, कारण जे माहीत नाही त्याच्या उलटही माहीत नसते. व्हेअरची चाळणी फक्त ‘खरे’ असेल त्यालाच सोडते. त्यामुळे किसन दोन्ही वेळा अडला.

बूल यांच्या बीजगणितात दोन उत्तरे होती, येथे तीन झाली. ‘आणि’, ‘किंवा’ यांचे हिशेब आता कसे करायचे? एक युक्ती आहे. अज्ञाताच्या जागी आधी ‘खरे’ ठेवून पाहा, मग ‘खोटे’ ठेवून पाहा. दोन्ही वेळा सारखे उत्तर आले तर तेच उत्तर. वेगळे आले तर ‘अज्ञात’. ‘खोटे आणि अज्ञात’ यात काहीही ठेवले तरी खोटेच येते, म्हणून उत्तर खोटे. ‘खरे किंवा अज्ञात’ यात काहीही ठेवले तरी खरेच येते. म्हणूनच ‘इयत्ता = ९ ऑर अंतर > ३’ असे विचारले तर किसन यादीत येतो! तो नववीत आहे हे नक्की आहे. अंतर काहीही असो.

ही युक्ती एका जोडणीपुरती लावायची. संगणक वाक्याचा एकेक तुकडा सोडवतो, अख्ख्या वाक्याचा विचार करीत नाही. ‘अंतर > ३ ऑर अंतर <= ३’ ही अट कोणीही पूर्ण करणारच, असे तुम्हा-आम्हाला वाटते. किसनचे घर कोठेही असले तरी या दोहोंपैकी एक खरे असणारच. पण संगणक पहिल्या तुकड्याला ‘अज्ञात’ म्हणतो, दुसऱ्यालाही ‘अज्ञात’ म्हणतो आणि दोन अज्ञातांची ‘किंवा’ने जोडणी करून पुन्हा ‘अज्ञात’ सांगतो. किसन येथेही बाहेरच.

रिकाम्या ओळी शोधण्यासाठी ‘अंतर = नल’ असे लिहून चालत नाही. दोन मुलांची अंतरे माहीत नसतील तर ती एकमेकांइतकी आहेत काय? सांगता येत नाही. म्हणून नलची नलशी तुलनाही अज्ञातच. त्यासाठी ‘अंतर इझ नल’ असा खास प्रयोग आहे. सायकली वाटणाऱ्याने खरे तर दोन प्रश्न विचारायला हवेत. एक अंतराचा आणि दुसरा ‘इझ नल’चा. दुसऱ्या यादीत जी नावे येतील त्यांच्या घरी जाऊन विचारायचे.

हे सर्व संगणकाशिवाय हाताने करून पाहता येते. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेऊन सारख्या आकाराची सात कार्डे कापा. प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा तिरका छाटा, म्हणजे एखादे कार्ड उलटे लागले तर लगेच कळेल. कागदाला भोके पाडायच्या पंचने वरच्या कडेजवळ सर्व कार्डांवर नेमक्या त्याच जागी तीन भोके पाडा. पहिले भोक ‘अंतर ३ पेक्षा अधिक’, दुसरे ‘इयत्ता नववी’. तिसरे सध्या मोकळे ठेवा. ज्या विद्यार्थ्याला ते लागू आहे त्याच्या कार्डाचे ते भोक कात्रीने कडेपर्यंत उघडे करा, म्हणजे तेथे खाच पडेल. आता सातही कार्डे एकत्र धरून पहिल्या भोकातून विणकामाची सुई घाला, गठ्ठा उचला व हलकेच झटका. खाच असलेली कार्डे खाली पडतील: सुमन, रमेश, लता. पहिल्या व दुसऱ्या भोकांतून एकाच वेळी दोन सुया घातल्या तर फक्त सुमन पडेल. हा झाला ‘अँड’. आधी पहिल्या भोकातून पाडून, सुईवर उरलेल्या कार्डांना दुसऱ्या भोकातून पुन्हा झटकले तर एकूण पाच कार्डे पडतील, हा ‘ऑर’. संगणक सर्वत्र पोहोचण्यापूर्वी अनेक ग्रंथालयांत व प्रयोगशाळांत अशी कार्डे खरोखर वापरीत असत.

पण किसनचे कार्ड कोठे आहे? पहिल्या झटक्यात ते सुईवर राहिले, ‘जवळ राहणाऱ्यां’बरोबर. खाच नाही म्हणजे ‘नाही’, असे या कार्डांनी धरले. एसक्यूएलने त्याला दोन्हीकडून वगळले, कार्डांनी त्याला मुकाट्याने एका बाजूला ढकलले. आता तिसऱ्या भोकाला ‘अंतर ३ किंवा कमी’ असे नाव देऊन आयेशा, जनार्दन व मेरी यांच्या कार्डांना तेथे खाच पाडा. सातही कार्डे पुन्हा एकत्र करून पहिल्या भोकातून झटका, मग पुन्हा सातही घेऊन तिसऱ्यातून झटका. किसन दोन्ही वेळा सुईवर राहील. ‘होय’ला एक भोक आणि ‘नाही’ला वेगळे भोक दिले की ‘माहीत नाही’ला आपोआप जागा मिळते.

कार्डे चाळण्याची विद्या जुनीच आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी प्रत्येक माणसाची माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून विजेच्या यंत्राने मोजली. भोक असेल तेथून पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्यात बुडे, विद्युत्‌मंडल पुरे होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. हॉलरिथ यांची कंपनी पुढे १९११ साली इतर कंपन्यांशी जोडली गेली व १९२४ साली तिचे नाव आयबीएम झाले, म्हणजे कॉड जेथे काम करीत तीच कंपनी.

नलवरून तज्ज्ञांत मतभेद आहेत. कॉड यांनी माहिती नसणे ही वेगळी अवस्था मानलीच पाहिजे असा आग्रह धरला. त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांनी मात्र तिसरे उत्तर आणल्याने गोंधळच वाढतो अशी भूमिका घेतली. मला कॉड यांची बाजू पटते, कारण दुसरा पर्याय म्हणजे रिकाम्या जागी काहीतरी भरणे, आणि ते अधिक वाईट. किसनच्या रकान्यात कोणी ० भरले तर? आहेत त्या सहा अंतरांची बेरीज २० आणि सरासरी सुमारे ३.३३ किलोमीटर. संगणक सरासरी काढताना नल ओळ सोडून देतो, म्हणून हेच उत्तर येते. शून्य भरले की भागाकार सातने होईल आणि सरासरी २.८६ वर घसरेल. परीक्षेला गैरहजर असलेल्याला शून्य गुण लिहिले की वर्गाच्या सरासरीचे नेमके हेच होते. ‘नल’ हा शब्द अक्षरांत लिहून भरणेही धोक्याचे. कॅलिफोर्नियातील एका संगणकतज्ज्ञाने गमतीने आपल्या मोटारीच्या पाटीवर तीच अक्षरे घेतली. पुढे ज्या दंडांच्या नोंदीत गाडीचा क्रमांक भरलेला नव्हता, ते अनोळखी लोकांचे दंड त्याच्या नावावर येऊ लागले. रक्कम १२ हजार डॉलरच्या घरात गेली. ही हकिगत त्याने २०१९ साली जाहीरपणे सांगितली.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल: कोष्टकात १ कोटी ओळी असतील तर संगणक खरोखर एकेक ओळ चाळतो काय? कधीकधी होय. पण त्या रकान्याची क्रमवार सूची आधी करून ठेवली असेल तर शब्दकोशात शब्द शोधतो तसे तो मधोमध उघडून निम्मा भाग टाकून देतो, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा. असे २४ वेळा केले की १ कोटींतून हवी ती ओळ सापडते. दोनाचा चोविसावा घात करून पाहा, म्हणजे पटेल.

व्हेअर केवळ शोधण्यासाठी नाही. ओळी खोडणाऱ्या ‘डिलीट’ आज्ञेलाही तोच लागतो. ‘डिलीट फ्रॉम विद्यार्थी’ एवढेच लिहिले आणि व्हेअर विसरला, तर सारे रजिस्टर कोरे! चाळणीच नाही म्हटल्यावर सगळेच दाणे पडणार. म्हणून जाणती माणसे तीच अट आधी सिलेक्टला लावून कोणत्या ओळी येतात ते डोळ्यांनी पाहतात, मगच खोडतात.

प्रत्यक्ष करून पाहायचे असेल तर रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेला एसक्यूलाइट हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासूनच असतो, जरी तो पडद्यावर दिसत नाही. त्यात आपले सात ओळींचे कोष्टक करा आणि हे कोडे सोडवा. ‘सहल’ नावाचे दुसरे कोष्टक घ्या. त्यात नाव हा एकच रकाना आणि तीन ओळी: सुमन, लता आणि एक रिकामी ओळ. सहलीला न जाणारी मुले शोधण्यासाठी विचारा:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव नॉट इन (सिलेक्ट नाव फ्रॉम सहल);

पाच नावे यायला हवीत. येईल एकही नाही. रमेशपुरते पाहू. संगणक विचारतो: रमेश हा सुमन नाही, आणि लता नाही, आणि त्या रिकाम्या ओळीतला नाही, हे खरे काय? पहिले दोन तुकडे खरे, तिसरा अज्ञात. ‘खरे आणि अज्ञात’ म्हणजे अज्ञात, रमेश बाहेर. ती रिकामी ओळ कदाचित रमेशचीच असेल, कोणास ठाऊक! प्रत्येकाबाबत हीच शंका येते, म्हणून सारी यादी रिकामी. आतल्या कंसात ‘व्हेअर नाव इझ नॉट नल’ एवढे जोडा, आणि पाचही जण परत येतील, किसनसुद्धा.